अंधारातली नळी

हिवरे सर मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्या निवृत्तीच्या गौरव अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला होता. ‘तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, पुढे त्याच विभागात सहकारी, तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलं?’ असं संपादक मंडळींचं म्हणणं. जवळून पाहिलं हे खरं. म्हणूनच तो लेख मी दिला नाही. हा जो लिहितेय तो कुठल्याही गौरव अंकात बसणारा नाही.

सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. आयुष्यभर त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: उजेड पडला की रेणूचं काय होतं? कपाशीवर, भाजीवर फवारायच्या औषधांचे रेणू उन्हात तुटतात, किती वेळात तुटतात, तुटून त्यांचं काय होतं, हे त्यांचं क्षेत्र. वर्ध्यासारख्या ठिकाणी, जिथे ऊन मागायला जावं लागत नाही, तिथे हा विषय निवडणं शहाणपणाचं होतं. तेवढं श्रेय मी देते.

अंगाने काटकुळे, शर्टाची गळ्याची गुंडी उन्हाळ्यातही लावलेली, हातात काळी छत्री. पावसाळ्यात ती बहुतेक घरी असायची, मार्च लागला की बाहेर निघायची. ‘ज्याला ऊन कळतं तो उन्हात फिरत नाही,’ हे त्यांचं वाक्य आम्ही वर्षातून पंचवीस वेळा ऐकायचो. विद्यार्थ्यांना ते नावाने कधीच हाक मारत नसत, गावाच्या नावाने मारत. ‘ए पुलगाव, फळा पूस.’ ‘सेलू, तुझ्या डोक्यात काय सोयाबीन भरलंय?’ मी नालवाडीची, म्हणून नालवाडी. पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागले, लग्न झालं, केस पिकायला लागले, तरी मी नालवाडीच. एका वर्षी खास वर्ध्यातल्या दोघी आल्या, तर एकीला वर्धा आणि दुसरीला वर्धा-दोन. दुसरी बिचारी वर्षभर दोन म्हणूनच राहिली.

कँटीनमध्ये कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली सांबारवडी आली की ते वरचं कवच सोलून आतलं सारण खात आणि कवच ताटलीत कुणाकडे तरी सरकवत. ‘खा, कुरकुरीत आहे.’ नवीन माणूस ते खायचाही. मीही पहिल्या वर्षी खाल्लं.

वऱ्हाडी बोलीचं त्यांना वावडं होतं. वर्गात कुणाच्या तोंडून ‘मले’ निघालं की सर खडू खाली ठेवत. ‘मले म्हणजे काय? बाहेर जा आणि मला घेऊन आत ये.’ स्वतः आर्वीकडच्या खेड्यातले. त्यांची आई एकदा कॉलेजात आली होती, ‘बापू, जेवला काऊन नाई?’ असं तिने सगळ्यांदेखत विचारलं, तर सर आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

आता कपाटाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या कपाटाशी येऊन थांबतं.

संशोधनाची पद्धत सोपी होती. औषधाचं पाण्यात द्रावण करायचं आणि काचेच्या दोन नळ्यांत अर्धं अर्धं भरायचं. एक नळी कॉलेजच्या गच्चीवर उन्हात, दुसरी प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात अंधारात. आठ तासांनी दोन्हींतलं औषध मोजायचं. अंधारातल्यापेक्षा उन्हातलं जेवढं जास्त कमी झालं, तेवढं उजेडाने मोडलं, असं धरायचं. हे कपाट सरांच्या गुरूंनी तिथे ठेवलेलं. गुरूंनी कामं केली ती हिवाळ्यात, पौषात, जेव्हा गच्ची आणि खोली यांत फारसा फरक नसतो. सरांनी ती मे महिन्यात आणली. सुट्ट्या असतात, ऊन कडक असतं, निकाल लवकर येतात. कपाट मात्र जिथल्या तिथे राहिलं, कूलरच्या शेजारी.

त्या कपाटाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आमचे प्रयोगशाळा परिचर भाऊराव यांनी एकदा लावला. कपाटात उंदीर खुडबुडतोय असं वाटून त्यांनी दार उघडलं आणि पुन्हा लावलं. सर दारातच उभे होते. आत माझ्या बारा नळ्या होत्या, पंधरा दिवसांचं काम. सरांनी एकेक नळी काढून बेसिनमध्ये ओतली.

‘सर, दहा शेकंद बी उघडं नाई राह्यलं,’ भाऊराव म्हणाले.

‘दहा सेकंदांत उजेड चंद्रावर जाऊन परत येतो, भाऊराव. तीन फेऱ्या होतात त्याच्या.’

एवढ्यावर थांबले असते तर ते सर कसले? त्यांनी भाऊरावांकडून माफीपत्र लिहून घेतलं आणि ते कपाटाच्या दारावर चिकटवलं. भाऊराव निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा ते तिथेच होतं. जाताना त्यांनी कपाट फडक्याने पुसलं, माफीपत्राच्या कडेकडेने. मला त्या दिवशी सरांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटलं होतं. घातलं नाही. आम्ही सगळेच आपापल्या पदव्यांच्या मागे होतो.

दहा सेकंदांच्या उजेडाने ज्याचा जीव जायचा, त्या माणसाने गच्चीवरच्या नळीत एकदाही थर्मामीटर बुडवून पाहिलं नव्हतं. आम्हीही नाही. प्रबंधात एक वाक्य असायचं: ‘सर्व नळ्या समान तापमानात ठेवल्या होत्या.’ ते गुरूंच्या प्रबंधातून सरांच्या प्रबंधात आलं, तिथून आमच्या. मीही उतरवून काढलं. शहाण्या माणसांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, यापलीकडे विचार केला नाही.

विचार केला तो प्रणालीने. ती देवळीच्या पुढच्या एका खेड्यातली. घरी तीन एकर, विहीर, वांगी, मेथी, फुलकोबी. वडील धनराजभाऊ भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचे आणि ही एसटीने प्रयोगशाळेत. सर तिला अर्थातच देवळी म्हणायचे. सहा वर्षं तिने काम केलं, मुदत एकदा वाढवून घेतली. दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. जूनच्या आत प्रबंधावर मार्गदर्शकाची सही पडली नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. सावंगीच्या बाजूला एका नव्या कॉलेजात तिला जागा सांगून ठेवली होती, पदवी दाखवली की रुजू. घरात सगळे त्या सहीकडे डोळे लावून बसले होते.

हल्ली प्रबंध देण्याआधी नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जावा लागतो. प्रणालीच्या प्रबंधात ते समान तापमानाचं वाक्य पिवळं होऊन आलं. ती माझ्याकडे आली. ‘मॅडम, हे आपल्या शब्दांत लिहायला सांगितलंय. मग तापमान किती लिहू?’

‘लिही पंचवीस,’ मी म्हणाले. मी पेपर तपासत होते, मान वर केली नाही.

तिने थर्मामीटर घेतलं आणि गच्चीवर गेली. दुपारी दोन वाजता उन्हातल्या नळीतलं पाणी छप्पन्न. खाली येऊन कपाटातलं पाहिलं, तर अठ्ठावीस. ते आकडे घेऊन ती सरांकडे गेली तेव्हा सर हसले. ‘हे औषध उष्णतेला पक्कं आहे, देवळी. उजेडाने मोडतं. इतकी वर्षं आम्ही काय गच्चीवर पापड वाळवत होतो?’

त्याच आठवड्यात धनराजभाऊ सरांसाठी पिशवीभर वांगी घेऊन आले. मास्तरांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, अशी त्यांची रीत. सरांनी पिशवी टेबलाखाली सरकवली. धनराजभाऊंना बसा म्हणालं नाही कोणी, ते उभ्यानेच बोलले.

‘सर, येक इचारू का? आमच्या टिनाच्या खोपीत औषधाचा डबा राह्यते. बूच पक्कं लावेल. तरी उन्हाळा निंघाला का त्या औषधात जोरच नाई राह्यत. अळी हासते त्याच्यावर. आता डब्यात तं उजीड जात नाई. मंग मोडते कायनं?’

‘डबा बनावट असेल, काका. दुकानदाराला विचारा,’ सर म्हणाले. ‘वांग्यांचं तुम्ही पाहा, रेणूंचं आम्ही पाहतो.’

धनराजभाऊ हसले, सर हसले, मीसुद्धा हसले. प्रणाली हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तिसरी नळी भरली. काळा कागद गुंडाळला, वरून ॲल्युमिनियमची पन्नी, आणि ती गच्चीवर उघड्या नळीच्या शेजारी ठेवली. उन्हात पण अंधारात. संध्याकाळी मोजलं तर उघड्या नळीतलं निम्मं औषध गेलं होतं आणि झाकलेल्यातलंही जवळजवळ तितकंच. म्हणजे मोडत होतं ते मुख्यतः तापून. उजेडाचा वाटा होता, पण चिमूटभर. सरांनी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलं, ‘हात स्वच्छ धुऊन पुन्हा करा.’ तिने पुन्हा केलं. मग पन्नीला भोकं असतील म्हणाले. तिने दुहेरी पन्नी लावली. मग कागदाचा रंग उतरला असेल म्हणाले. तिने नळी पत्र्याच्या डब्यात बंद केली. उत्तर तेच. चौथ्या वेळी सरांनी गच्चीची किल्ली स्वतःच्या खिशात घातली.

तर ही पोरगी नळ्या ओल्या कापडात गुंडाळून एसटीने घरी घेऊन गेली, वावरातल्या मोटारपंपाच्या खोलीवर ठेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने मोजायला परत आली. सरांनी आकड्यांकडे बघितलंही नाही. ‘वावरात रसायनशास्त्र होत नाही, देवळी. वावरात वांगी होतात. हे प्रकरण काढून टाक, जुनं वाक्य ठेव, आत्ता सही करतो.’

‘सर, मले… मला तसं नाही लिहिता येणार.’

‘आधी मराठी शीक. मग मला शिकव.’

ती माझ्या खोलीत येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, ‘मॅडम, सर खोटे नाईत. त्यायनं पाह्यलंच नाई कधी. येक डाव सोताच्या डोयानं पाह्यलं तं पटन त्याईले.’ मी तिला पाणी दिलं. ‘माझ्या प्रबंधातही तेच वाक्य आहे’ हे काही मी तिला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतंच, ते पिवळं वाक्य कुठकुठल्या प्रबंधांत आहे त्या यादीत माझं नाव होतं. तिने तो विषय काढला नाही, हा तिचा चांगुलपणा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी सुट्टीतलं काही काम करायला कॉलेजात गेले. गच्चीचं दार उघडं दिसलं म्हणून वर चढले. भर दुपार, चप्पल डांबराला चिकटावी असं तापलेलं. सर छत्री घेऊन उकिडवे बसले होते. समोर दोन नळ्या, एक उघडी, एक काळ्या कागदात. शेजारी थर्मामीटर.

‘कितव्यांदा, सर?’

‘दहाव्यांदा.’ त्यांनी वर पाहिलं नाही. ‘आधीचे नवही डाव त्या पोरीचंच बरोबर आलं.’

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी वऱ्हाडी पहिल्यांदा ऐकली. क्षणभर मला त्यांची कीव आली.

‘मग सही करा.’

‘अन् तुया पदवीचं काय करू?’ आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘माया हाताखालून निंघालेल्या समद्याईचं काय करू? कोनी पगार खाऊन राह्यलं, कोनी पेन्शन. त्याईले सांगाले तू जाशीन का?’

मी गप्प बसले. खरंच गप्प बसले, आणि मी गप्प बसले हे बघून त्यांचा चेहरा सैल झाला. कीव तिथेच संपली. या माणसाला आम्हा सगळ्यांचा भित्रेपणा पाठ आहे, आणि त्यावरच तो आजवर चालत आलाय, हे मला तेव्हा कळलं. त्याचा जितका राग आला तितकाच माझाही आला.

खाली प्रणाली प्रबंधाची प्रत छातीशी धरून उभी होती. शिपायाने तिला सांगितलं होतं की सर स्वतः वर नळ्या घेऊन बसलेत. तिचा चेहरा नुसता उजळला होता.

‘सर, काय आलं?’

सरांनी छत्री मिटली, गळ्याची गुंडी चाचपली. ‘काहीच निष्पन्न झालं नाही. मध्येच ढग आले.’ पुन्हा ती शुद्ध, इस्त्रीची मराठी.

मेचा शेवटचा आठवडा. वर्ध्याच्या आभाळात औषधालाही ढग नव्हता. पण प्रणाली खिडकीकडे बघायला गेली नाही. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला होता.

‘मग उद्या पुन्हा करू या का, सर? मी सकाळच्या पहिल्या गाडीने येते.’

‘ढग नव्हते,’ मी म्हणाले. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. ‘एकही नव्हता, प्रणाली. सरांनी नऊ वेळा केलं. नऊही वेळा तुझंच बरोबर आलं.’

सरांनी मिटलेली छत्री काखेत घेतली. मग इतकंच म्हणाले, ‘नालवाडी, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास.’ आणि गेले. ते खोटंही नव्हतं. त्याच आठवड्यात मी विद्यापीठाला लिहून कळवलं की माझ्या स्वतःच्या प्रबंधात हीच चूक आहे आणि या मुलीला मार्गदर्शक बदलून मिळावा. विद्यापीठाने मार्गदर्शक बदलून दिला, वर तीन महिनेही दिले. माझ्या पदवीचं प्रकरण विचाराधीन आहे. स्टाफरूममधले जुने सहविद्यार्थी मी आले की चहा संपवून उठतात. सरांनी तर मला पाहणंच सोडलं. जिन्यात समोर आले तरी भिंतीकडे बघत उतरायचे.

प्रणालीची तोंडी परीक्षा दिवाळीनंतर झाली. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्न विचारू शकतं. धनराजभाऊ धुतलेला सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. सगळं इंग्रजीत चाललेलं, त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण ते पोरीच्या ओठांकडे बघत होते. सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि हिवरे सर आत आले. निवृत्तीला त्यांचा महिना उरला होता. ते बाजूच्या खुर्चीवर बसले आणि प्रबंधाची प्रत उघडून पानं उलटू लागले. प्रणालीचा आवाज मध्येच बारीक झाला.

शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, ‘सभागृहातून कुणाला काही?’ सरांनी हात वर केला. मी खुर्चीच्या कडेला सरकले. या माणसाने एका उंदरापायी भाऊरावांना आयुष्यभराची माफी मागायला लावली होती. ही तर त्याचं सगळं काम मोडून उभी होती.

‘परिशिष्ट तीन,’ सर म्हणाले. ‘ज्यांच्या अंधारातल्या नळ्या कपाटात होत्या, त्या प्रबंधांची यादी. किती आहेत?’

‘एकवीस, सर.’

‘मोजून पाहिले?’

‘हो, सर.’

‘बावीस. माझा प्रबंध यात नाही. माझी नळीही त्याच कपाटात होती.’ त्यांनी प्रत मिटली. ‘चुकीची यादी घेऊन पदवी घेऊ नये. पान सुधारून द्या.’

त्यांचा प्रबंध तिने मुद्दाम गाळला होता. ‘मार्गदर्शक बदलले तरी सर ते सर. बरं दिसत नाही, मॅडम,’ असं ती मला म्हणाली होती आणि मीही मान डोलावली होती. आता ती पोडियमला धरून उभी होती, डोळे भरलेले, आणि ‘येस सर’ म्हणत तिने आपल्या प्रतीतलं ते पान दुमडून ठेवलं.

सर चहाला थांबले नाहीत. तिला शाबास म्हणाले नाहीत, त्या ढगांबद्दल बोलले नाहीत, सहा वर्षांबद्दल नाहीत, भाऊरावांचं माफीपत्र तर अजूनही त्या कपाटावर आहे. मी यातलं काहीही माफ केलेलं नाही. पण ते दाराकडे जात होते तेव्हा मी उठून उभी राहिले. का राहिले मला माहीत नाही, आणि राहिले याचा मला अजून राग आहे. ते माझ्याकडे न बघता निघून गेले. तेच त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन; उरलेला महिना ते रजेवर होते आणि निरोप समारंभाला मी गेले नाही.

कुणीतरी माझा दंड घट्ट धरला होता. धनराजभाऊ होते. तोंड पांढरं पडलेलं.

‘मॅडम, सर काय म्हनून राह्यले? पास करून नाई राह्यले का पोरीले?’

‘पास आहे ती,’ मी म्हणाले. ‘सरांनी तिची एक चूक काढली.’

‘येकच?’ धनराजभाऊ म्हणाले. त्यांनी माझा हात सोडला आणि शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला हलवून सांगू लागले, ‘आयकलं का, भाऊ? हिवरे सराईले येकच चूक सापडली.’